लव्हेलबाईंची विहीर

६ ऑक्टोबर १८७३, सोमवार

कचेरीची वही वेगळी. तिच्यात घराचा क्रमांक, मोरी तुंबलेली की वाहती, नोटीस दिली की नाही, एवढंच लिहायचं. ही वही माझी स्वतःची. लेटी म्हणाली, "बाबा, गटारांच्या गोष्टी मला जेवताना ऐकवण्यापेक्षा लिहून काढा. माझा घास तरी गळ्याखाली उतरेल." माझी लेक सतराची आहे, पॅरिशच्या शाळेत लहान मुलांना शिकवते, आणि जीभ अगदी तिच्या आईची घेतली आहे.

सेंट ऑसिथ पॅरिशचा सफाई निरीक्षक होऊन मला आज आठवडा झाला. त्याआधी चौदा वर्षं फौजेत खंदक खणले आणि मग बारा वर्षं लंडनभर गटारं बांधली. या नोकरीसाठी अर्ज केला तो माझी बायको रोडा हिच्यामुळे. सात वर्षांपूर्वीच्या कॉलऱ्यात ती सकाळी आजारी पडली आणि दिवेलागणीला गेली. मधल्या वेळात मी नुसत्या बादल्या रिकाम्या करत होतो. तेव्हापासून घाण दिसली की माझं डोकं फिरतं. आमचे आरोग्य अधिकारी डॉ. पेल्यू म्हणतात, "रागावू नका, थर्लो. आधी मोजा." माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहेत.

आज टॅलो स्ट्रीटवरची लव्हेलबाईंची डेअरी पाहिली. आठ गाई, धुतलेली फरशी, घासून लख्ख केलेले कॅन. बाई विधवा आहेत, नवरा गेल्यावर सगळं एकटीने सांभाळतात. खोट काढायला एकच जागा सापडली. कॅन खळबळायचं पाणी पाणीपुरवठा कंपनीच्या नळाचं. ते दिवसातून पाऊण तास येतं, मग पिंपात पडून राहतं. पिंपाच्या कडेला हिरवा थर! आणि अंगणाच्या कोपऱ्यात मात्र जुनी विहीर, तिच्यावर हातपंप, पाणी गार आणि काचेसारखं. मी दोन पेले प्यायलो.

"बाई, देवाने दारात असं पाणी दिलंय आणि तुम्ही हे शेवाळ वापरता?"

त्या लाजल्या. "ते आम्ही नुसतं अंगण धुवायला घेतो. पण तुम्ही म्हणत असाल, तर उद्यापासून सगळे कॅन याच पाण्याने."

पहिल्याच आठवड्यात एक तरी चांगलं काम हातून झालं.

९ ऑक्टोबर

गॅनेट यार्ड. चौदा घरं, सत्त्याण्णव माणसं, एक नळ, दोन संडास. बहुतेक सगळे आयरिश. मधोमध एक डुक्कर चिखलात पसरलेलं. ते कुणाचं, म्हणून विचारलं, तर तळघराच्या पायरीवरून एक बाई म्हणाली, "आमचंच, साहेब. घरातला तेवढा एकच जण वजनाने वाढतो."

ही नोरा टिअर्नी. नवरा डेनिस गोदीत हमाल, तीन मुलं, आणि कोपऱ्यात तिची म्हातारी आई जपमाळ घेऊन. सगळे त्या एका तळघरात. छत एवढं खाली, की मला वाकून उभं राहावं लागलं. भिंतींना ओल. मुलं पांढरीफटक दिसली म्हणून मी विचारलं, "यांना दूध देता का?"

नोरा मोठ्याने हसली. "दूध? आमच्या चहाची आणि दुधाची अजून गाठ पडलेली नाही, साहेब. क्लेरमाँट टेरेसला जाणारे कॅन आमच्या तोंडावरून जातात, तेवढे बघतो."

म्हातारी त्यांच्या भाषेत काहीतरी पुटपुटली. मी अर्थ विचारला.

"ती म्हणते, हा माणूस दिवसभर लोकांचे संडास हुंगतो, याला जेवण कसं जातं?"

आसपासच्या बायका खिदळल्या. मी वहीत नोंद केली. या पॅरिशमध्ये रोग येईल तो इथूनच येईल, हे सांगायला मला डॉक्टर नको. माझं नाक पुरेसं आहे.

१४ ऑक्टोबर

पुन्हा डेअरीत गेलो. कॅन आता विहिरीच्या पाण्याने धुतात, मी स्वतः उभं राहून पाहिलं. बाईंचा गडी जेबेझ आठवडाभर गोठ्यावरच्या माळ्यावर पडून आहे. ताप, पोटात कळा, सारखं संडासला होतं. त्याला कुणी नाही, म्हणून बाईच त्याचं सगळं करतात, त्याच्या बादल्यासुद्धा स्वतः उचलतात, आणि वर आठही गाई पिळतात. असा माणूस विरळा. निघताना लेटीसाठी म्हणून एक कॅन हातात दिला.

लेटीला दूध आवडत नाही. साय पाहून नाक मुरडते. पण आई गेल्यापासून पोर वाळली आहे, म्हणून समोर बसून दोन पेले प्यायला लावले. आता हे रोजचं.

ती म्हणते, डेअरीत जाताना मी धुतलेली कॉलर लावतो. तसं काही नाही.

२७ ऑक्टोबर

क्लेरमाँट टेरेसमध्ये विषमज्वर. तीन घरांत पाच माणसं. आज धर्मगुरूंच्या घरचा स्वयंपाकीही आजारी पडला. चांगली घरं, नवे संडास, नळ्या मी स्वतः आत शिरून तपासल्या, कुठे गळती नाही. टेरेसच्या मागच्या भिंतीला लागून काय आहे, तर गॅनेट यार्ड. आणि गेला पंधरवडा वारा तिकडूनच वाहतो आहे.

१ नोव्हेंबर, शनिवार

रुग्ण एकोणीस.

जेवताना लेटी म्हणाली, "बाबा, यार्डातली माझी सगळी मुलं शाळेत येतायत. टिअर्नींची तिन्ही आहेत. दुकानदारांची मुलं मात्र दिसत नाहीत."

"ती माणसं आजार लपवतात, पोरी."

"समोर उभं राहून पाढे म्हणतात ती. त्यात काय लपवणार?"

मी तिला समजावलं, की अशा लोकांना घाणीची सवय झालेली असते. विष त्यांच्या अंगाला लागत नाही, पण हवेतून दुसऱ्यांकडे जातं. मी हे वाचलेलं आहे. ती ताटं उचलायला उठली. पटलं असावं.

५ नोव्हेंबर

आज टिअर्नींचं तळघर बंद केलं. टेरेसच्या रहिवाशांनी अर्ज दिला होता आणि पॅरिशच्या मंडळाला काहीतरी केलेलं दाखवायचं होतं. डॉ. पेल्यूंनी सही केली, पण लगेच केली नाही. "यार्डात एकही रुग्ण नाही, थर्लो." मी म्हटलं, कायद्याने तळघराचं छत जेवढं उंच हवं त्यापेक्षा हे हातभर खाली आहे, एवढं कारण पुरे. ते खरंही होतं.

नोरा दारात आडवी उभी राहिली. "साहेब, आमच्यात कोण आजारी आहे ते दाखवा, मी आत्ता निघते."

"आजाराचा प्रश्न नाही. कायदा आहे."

"कायदा उन्हाळ्यात कुठे गेला होता? आता थंडीत आईला कुठे नेऊ?"

"गरिबखान्याच्या दवाखान्यात शेगडी असते. तिला तिथे ऊब मिळेल."

तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी वहीत डोकं घातलं. "तिथे माणसं पायांनी जातात आणि गाडीतून बाहेर येतात. ठाऊक आहे ना तुम्हाला?"

डेनिसने म्हातारीला खुर्चीसकट उचललं. ती खुर्चीचा हात धरून बसली होती. डुक्कर मंडळाच्या माणसांनी नेलं. दुपारी आत चुना मारून घेतला, दाराला फळ्या ठोकल्या. काम चोख झालं. लेटीने आज यार्डाबद्दल काही विचारलं नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

एक्केचाळीस रुग्ण, सात मृत्यू. तळघर बंद करून दहा दिवस झाले तरी ताप हटत नाही. विष जमिनीत मुरलं असणार. अजून दोन तळघरांची यादी केली आहे.

आजाऱ्यांच्या पोटात काही ठरत नाही, म्हणून मी लव्हेलबाईंकडून दूध घेऊन घरोघर पोचवतो. बाई एक पैसा घेत नाहीत. बेकरच्या नऊ वर्षांच्या मुलीला परवा पडसं होतं, तिलाही एक कॅन दिला. तिने मला हात हलवून निरोप दिला.

मंडळाच्या बैठकीत माझ्या नावाने टाळ्या वाजल्या.

टिअर्नींची म्हातारी मंगळवारी गरिबखान्यात वारली. छातीत कफ झाला होता. तिचं वय झालं होतं, आणि थंडीही फार आहे.

२० नोव्हेंबर

लेटीचं डोकं चार दिवस दुखतंय. शाळेत सर्दीची साथ आहे म्हणते. गरम दूध दिलं. अर्धा पेला जेमतेम घेतला.

२२ नोव्हेंबर

पोटावर गुलाबी डाग. मला माहीत आहे हे काय असतं.

२३ नोव्हेंबर, रविवार

डॉ. पेल्यू येऊन तपासून गेले. जाण्याआधी स्वयंपाकघरात बसले, खिशातून कागद काढून टेबलावर पसरला. अडतीस घरांची यादी.

"मी प्रत्येक घरी एकच प्रश्न विचारला," ते म्हणाले. "दूध कुणाचं? छत्तीस घरांनी एकच नाव सांगितलं. उरलेल्या दोन घरांतल्या मुलांना शेजारी तेच दूध रोज मिळायचं." मग ते आमच्या टेबलावरच्या कॅनकडे पाहत राहिले.

मी उठून उभा राहिलो. काय काय बोललो ते सगळं आठवत नाही. तुम्ही काल आलेले पोरगे, एका बाईचं आयुष्य उद्ध्वस्त करायला निघालात, असं काहीतरी. "त्या डेअरीतल्या फरशीवर मी ताट न घेता जेवेन!"

"मीही जेवेन. मी फरशीबद्दल बोलत नाहीये. कॅन कशाने धुतात?"

वरून लेटीच्या खोकल्याचा आवाज आला.

"थर्लो?"

"विहिरीच्या पाण्याने."

"पहिल्यापासून?"

त्यांनी पुन्हा विचारलं नाही. जाताना म्हणाले, "दूध आजपासून बंद. विहिरीची परीक्षा कशी घ्यायची, ते मला शिकवायची गरज नाही तुम्हाला."

गरज नव्हतीच. बारा वर्षं मी दुसरं काय केलं?

२४ नोव्हेंबर

विहिरीपासून गड्यांचा संडास भिंतीपलीकडे अकरा पावलं. त्याची टाकी विटांची, जुनी. पहिल्या भेटीत मी भिंतीच्या त्या बाजूला गेलोच नव्हतो. आज टाकीत एक पिंपभर रॉकेल ओतलं, वरून वीस बादल्या पाणी. टाकी झिरपत असेल, तर वास विहिरीत उतरेल.

लव्हेलबाई गोठ्याच्या दारातून बघत होत्या. "काही निघणार नाही हो त्यातून," त्या म्हणाल्या. "तुम्ही उगाच काळजी करता. लेटी कशी आहे?"

२६ नोव्हेंबर

पंप दहा वेळा हापसला, तरी काही नाही. अकराव्यांदा ओंजळ नाकाशी धरली.

मी नुसता उभा राहिलो, तेव्हा बाईंना कळलं. त्या जवळ आल्या, माझ्याच ओंजळीवर वाकून त्यांनी वास घेतला. मग कठड्यावर बसल्या.

"जेबेझच्या बादल्या मी तिथेच ओतत होते," त्या म्हणाल्या. "दोन आठवडे."

"तुम्हाला काय माहीत असणार?"

"वीस वर्षं मी पिंपाचं पाणी वापरलं, मिस्टर थर्लो. हिरवं होतं, पण कुणाला काही झालं नव्हतं."

रागावून म्हणाल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या आठवून आठवून बोलत होत्या, हिशोब जुळतो का बघावं तशा. मग उठल्या, आणि उरलेलं सगळं दूध एकेक कॅन करून नालीत ओतलं. मी मदतीला हात पुढे केला. त्यांनी कॅन सोडला नाही.

२९ नोव्हेंबर

ताप उतरत नाही. लेटी भ्रमात पाढे म्हणते, मध्येच "बसा खाली" म्हणून मुलांना दटावते. आज दुपारी मी पाण्याचा पेला ओठाला लावला, तर तोंड फिरवून म्हणाली, "नको ना बाबा, मला आवडत नाही."

रोज दोन पेले. मी समोर बसून.

६ डिसेंबर, शनिवार

पहाटेपासून घाम आला आणि अंग गार झालं. मला वाटलं, संपलं. पण तिने डोळे उघडले. माझ्याकडे बराच वेळ पाहिलं. "दाढी किती वाढली आहे, बाबा. शोभत नाही." केस कापून टाकलेत, डाव्या कानाने ऐकू येत नाही, पण माझी पोर आहे.

कोळशाच्या खोलीत जाऊन रडलो. बाहेर आलो तर रस्त्यावरून बेकरच्या मुलीची शवपेटी चालली होती. लहानशी, पांढरी. टोपी काढून उभा राहिलो. त्या क्षणीही माझ्या मनात आनंदच होता, हे इथे लिहून ठेवतो. दुसरीकडे कुठे लिहू?

त्या मुलीला पडसं होतं. नुसतं पडसं.

१६ डिसेंबर

डॉ. पेल्यूंनी अहवालाचा मसुदा वाचायला दिला. एकूण त्रेसष्ट रुग्ण, चौदा मृत्यू. त्यात एक वाक्य असं: "ऑक्टोबरच्या सुरुवातीपासून डेअरीत विहिरीचे पाणी वापरण्यात येऊ लागले."

"कुणाच्या सांगण्यावरून, ते लिहिलं नाहीत," मी म्हणालो.

"कारण सापडलं, तेवढं पुरे आहे."

"लोक म्हणतील, बाईने केलं."

ते खिडकीतून बाहेर पाहू लागले. "तुमची नोकरी जाईल, थर्लो. तुमच्या घरात आजारी मुलगी आहे. आणि खरं सांगू? तळघराच्या हुकमावर सही माझी आहे. मलाही ते वाक्य तसंच राहिलेलं बरं वाटतं."

मी त्यांची लेखणी उचलली आणि समासात लिहिलं: "निरीक्षक अमोस थर्लो यांच्या सूचनेवरून." मग खाली आणखी एक ओळ: "गॅनेट यार्डात एकही रुग्ण आढळला नाही. तेथील तळघर बंद केल्याने रोगाला कोणताही आळा बसला नाही." माझं अक्षर चांगलं आहे, पण ही ओळ तिरकी गेली. त्यांनी ती वाचली, आणि तिच्याखाली स्वतःची आद्याक्षरं घातली.

१९ डिसेंबर, शुक्रवार

मंडळापुढे अहवाल वाचला गेला. मी उठून उभा होतो. माझं नाव आलं तेव्हा दोघांतिघांनी माना वर केल्या. अध्यक्ष म्हणाले, प्रामाणिक चूक आहे, कुणाच्याही हातून झाली असती. कायद्याप्रमाणे ते तळघर तसंही बंद व्हायलाच हवं होतं. मिस्टर थर्लो यांनी यापुढे जपून सल्ला द्यावा. मग त्यांनी पान उलटलं आणि पुढचा विषय घेतला, दिव्याच्या खांबांचा.

एवढंच. मी कितीतरी वेळ उभाच होतो, शेजारच्याने कोट ओढून खाली बसवलं.

लव्हेलबाई गाई विकून केंटला बहिणीकडे गेल्या. परवाच गेल्या म्हणे. मला निरोप नव्हता.

२८ डिसेंबर, रविवार

टिअर्नी कुटुंब शोधायला तीन रविवार गेले. शेजारच्या पॅरिशमध्ये, पाचव्या मजल्यावरच्या पोटमाळ्यात आहेत. तळघरापेक्षा जागा कमी आहे, पण कोरडी आहे. नोरा गोणपाट शिवत बसली होती. डेनिस बिछान्यावर, मुलं चुलीपाशी.

"आता काय बंद करायला आलात?" ती म्हणाली. "यावर आता छप्परच आहे."

मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. विहीर, दूध, रॉकेल, मंडळ. ती शिवत राहिली. माझं संपल्यावर तिने दाताने दोरा तोडला.

"म्हणजे ताप आमच्यामुळे नव्हता."

"नव्हता."

"ते आम्हाला तेव्हाच ठाऊक होतं, साहेब. हे सांगायला एवढे जिने चढलात?"

"माफी मागायला आलो होतो."

डेनिस उठायला लागला. तिने त्याला हातानेच बसवलं. मग ती म्हणाली, "माफीचं राहू द्या. तुम्हाला लिहिता चांगलं येतं ना? माझ्या भावाला गावी अजून माहीत नाही. इथले फादर लिहून देतात, पण ते सगळं गोड करून लिहितात. मी सांगते तसंच्या तसं लिहाल?"

माझ्याकडे कागद होता. मी पेटीवर बसलो.

"लिहा. आई अकरा नोव्हेंबरला गेली. गरिबखान्यात. मला आत सोडलं नाही. माळ हातात होती, असं तिथल्या बाईने सांगितलं." ती थांबायची, मी लिहायचो. "लिहा, आम्हाला घरातून काढलं. ताप आमच्यामुळे आला म्हणाले. तो आमच्यामुळे नव्हता. झालं?"

"झालं."

"कुणी काढलं, ते लिहा."

मी माझं नाव लिहिलं, पुढे हुद्दाही लिहिला.

"आता वाचा."

मी वाचलं. ती म्हणाली, "नाही, मोठ्याने. पोरांना कळू दे." मुलं जवळ आली. धाकटी माझ्या गुडघ्याला टेकून उभी राहिली. मी पुन्हा वाचलं, पहिल्यापासून शेवटपर्यंत. माझं नाव आणि हुद्दाही.

मी लेखणी तिच्या हातात दिली, खाली सहीच्या जागी फुली मारण्यासाठी. तिने कागद उजेडात धरून पाहिला. तिला वाचता येत नाही, पण पाहत होती.

"खाली जागा उरलीय," ती म्हणाली. "तुमची पोर आजारी पडल्याचं यार्डातून कळलं होतं, तिचं काय झालं? ही पोरं रोज विचारतात. बाई मेल्या का, म्हणून."

"वाचली," मी म्हणालो. "अशक्त आहे. पण वाचली."

तिने कागद आणि लेखणी माझ्यापुढे सरकवली. "मग तेही लिहा. सगळंच वाईट कळवायचं का त्याला?"

मी लिहिलं, की मुलांच्या शाळेतल्या बाई आजारी होत्या, त्या बऱ्या झाल्या. मग तिने फुली मारली.